एका खोलीसाठी दोन विरुद्ध रंग: तुलना आणि निवड कशी करायची

शेड कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो आणि दुकानातला उजेड पांढराशुभ्र. तोच रंग दहा फुटांच्या भिंतीवर गेला की जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो. एका भिंतीवरून उडालेला रंगीत उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो आणि रंगाची छटा चढत जाते. एक रंग फिकट-उबदार आणि दुसरा गडद-थंड असेल, तर कार्डावरून केलेला अंदाज दोन्हीकडे चुकतो: फिकट रंग वाटला त्याहून पिवळा निघतो, गडद रंग वाटला त्याहून काळा. म्हणून तुलना त्याच खोलीत, तिथल्याच उजेडात आणि ती खोली ज्या वेळी वापरात असते त्याच वेळी करायची.

समजायला सोपं जावं म्हणून एकच खोली धरून चालू. स्लॅबचं घर, १० बाय १२ ची बैठक, उंची १० फूट. पश्चिमेच्या १२ फुटी भिंतीत ४ बाय ४ च्या दोन खिडक्या, पूर्वेच्या भिंतीत एक दार, दक्षिणेची १० फुटी भिंत कोरी. जालना, परभणी, लातूर, कुठेही सहज सापडेल अशी खोली. पहिला रंग मलईसारखा पिवळसर, दुसरा मोरपंखी. प्रश्न दोन: चारही भिंतींना एकच रंग द्यायचा तर कोणता? आणि दोन्ही वापरायचे तर कुठे, किती?

आधी भिंत बघा

ओल असलेल्या भिंतीवर कोणताच रंग खरा दिसत नाही आणि टिकतही नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली तर ओल भिंतीतून येते आहे. आधी ती बंद करा, रंगाचं नंतर. मराठवाड्यात बऱ्याच घरांचं बांधकाम आणि क्युरिंग बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर झालेलं असतं, त्यामुळे जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून पांढरी भुकटी येते. फिकट मलई रंगावर ही भुकटी लवकर नजरेत येत नाही, मोरपंखीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर दिसते. खालच्या भागात लोणा असेल तर त्या भिंतीसाठी गडद रंगाचा विचार इथेच सोडून द्यावा.

काळ्या मातीवर उभ्या घरांत आणखी एक त्रास असतो. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यांतून, तिरक्या भेगा पडतात. भेग दरवर्षी उघडत असेल तर ती नुसत्या पुट्टीने भरू नका, उघडणारच. लवचीक क्रॅक फिलर भरा आणि रंग निवडताना लक्षात ठेवा की गडद भिंतीवर भेगेतली पांढरी पुट्टी रेघेसारखी उठून दिसते.

जुन्या माळवदाच्या घराची गोष्ट वेगळी. पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीतून ओल सतत आत-बाहेर होत असते. तिच्यावर प्लास्टिक इमल्शन (डब्यातला तयार, पाण्यात मिसळायचा रंग) चढवलं तर ओल आत कोंडते आणि एक-दोन वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुनाच योग्य. मग तुलनाही चुन्यातल्या रंगांची करायची, आणि चुन्यात चालतील असेच रंग घ्यायचे: गेरू, पिवळी माती, ऑक्साइडचे रंग, नीळ. चुन्याच्या दाहकतेत बाकीचे बरेच रंग उडतात. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर कितीतरी फिका पडतो. इमल्शनचं उलट असतं: डब्यात ते दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर किंचित गडद होतं. त्यामुळे ओल्या हातावरून, म्हणजे ओल्या कोटावरून, कधीच मत बनवू नका. इमल्शनचा नमुना २४ तास वाळू द्या, चुन्याचा दोन दिवस.

शेड कोड आणि एल.आर.व्ही.

दुकानातून रंगाचं नाव लिहून आणू नका, शेड कोड आणा. सोबत एल.आर.व्ही. हा आकडाही विचारा. रंग किती टक्के उजेड परत फेकतो ते तो सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे सगळा उजेड परत. चांगला पांढरा रंग ८५ च्या आसपास असतो, मलईचे फिके प्रकार ७० ते ८०, गडद मोरपंखी १० ते १५.

आपल्या खोलीत भिंतींचं क्षेत्र ४४० चौरस फूट. त्यातून दाराचे २१ आणि खिडक्यांचे ३२ वजा केले की ३८७ उरतात. चारही भिंती ७५ एल.आर.व्ही. च्या मलई रंगात असतील तर सरासरी ७५. दक्षिणेची १०० चौरस फुटांची भिंत १२ एल.आर.व्ही. च्या मोरपंखीत केली तर सरासरी ५९ वर येते. चारही भिंती मोरपंखी केल्या तर १२. एका भिंतीने खोली थोडीशी उतरते, पण चारही भिंतींनी ती दिवसाही दिवा मागते. दोन रंगांच्या भांडणात हा हिशेब आधी मांडला की घरातली निम्मी चर्चा मिटते.

घरात कमी दिसणारं वृद्ध माणूस असेल तर हा आकडा आणखी उपयोगी पडतो. लागून असलेल्या दोन पृष्ठभागांत, म्हणजे भिंत आणि दार किंवा भिंत आणि चौकट यांत, ३० अंकांचा फरक असला की कड ओळखू येते. ब्रिटनमध्ये इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून हाच अंक धरतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला सगळं पिवळट दिसतं आणि निळ्या छटांमधला फरक कळेनासा होतो. आजी-आजोबांच्या खोलीत दोन थंड छटा शेजारी ठेवून त्यांना भेद दिसेल, अशी अपेक्षा करू नये.

दोन्ही रंग एकाच फिनिशमध्ये बघा. एक मॅट आणि दुसरा चमकदार असेल तर तुलना रंगांची होत नाही, चकाकीची होते.

नमुन्याच्या फळ्या

नमुना सरळ भिंतीवर मारण्याची पद्धत सगळीकडे आहे. आमच्या मते ती टाळावी. जुन्या हिरव्या किंवा गुलाबी भिंतीच्या मध्ये दोन फुटांचा नवा पट्टा मारला की सभोवतालचा जुना रंग त्या पट्ट्याची छटा बदलून दाखवतो. फ्रान्सच्या गोबलँ या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख असलेले शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली होती. धागा तपासला तर तो ठीक होता, शेजारच्या रंगांमुळे तो फिका भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिलं. आपल्या भिंतीवरही तेच होतं: मलईला मोरपंखीच्या अगदी शेजारी ठेवलं तर मलई जास्त पिवळी-केशरी दिसते आणि मोरपंखी जास्त निळा.

त्याऐवजी फळ्या करा. सामान असं लागेल:

- २ बाय २ फुटांच्या हार्डबोर्डच्या सहा फळ्या, प्रत्येक रंगाच्या तीन. हार्डबोर्ड नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातली जाड पांढरी कार्डशीट पुठ्ठ्यावर चिकटवून चालेल, नुसती कार्डशीट ओली झाली की गुंडाळते.
- पांढरा वॉटर प्राइमर, साधारण २५० मिली.
- दोन्ही रंगांचा २०० मिलीचा नमुना डबा. नमुना डबा मिळत नसेल तर एक लिटर घ्या. पुढे तोच रंग ठरला तर वाया जात नाही.
- ४ इंची छोटा रोलर. ब्रश नको. भिंतीवर शेवटचा हात रोलरचाच असतो आणि ब्रशच्या रेघांनी छटा वेगळी दिसते.

एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण १३० चौरस फूट जातं. एका फळीला दोन हात म्हणजे ८ चौरस फूट, म्हणजे ६० मिली. २०० मिलीत तीन फळ्या नीट होतात. प्राइमरचा एक हात, चार तास थांबून रंगाचा पहिला हात, पुन्हा चार तासांनी दुसरा. चारही कडांना एक-दीड इंच पांढरी जागा सोडा, त्या पांढऱ्यामुळे मागच्या जुन्या भिंतीचा परिणाम तुटतो. फळीच्या मागे शेड कोड, कंपनी आणि फिनिश लिहा. दोन दिवसांनी कोणती फळी कोणत्या कोडची ते आठवत नाही.

कुठे ठेवायच्या, कधी बघायच्या

एकाच खोलीत एकच रंग प्रत्येक भिंतीवर वेगळा दिसतो. आपल्या खोलीत खिडक्या पश्चिमेला आहेत. खिडकीच्या भिंतीवर उजेड पडतच नाही, तो तिच्या मागून येतो, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक रंग सगळ्यात गडद वाटतो. पूर्वेच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन थेट येतं. दक्षिणेच्या कोऱ्या भिंतीवर उजेड कडेने घासत जातो. तिन्ही ठिकाणी एक-एक फळी, डोळ्यांच्या उंचीवर, आधी एका रंगाच्या तिन्ही आणि मग दुसऱ्या रंगाच्या तिन्ही. दोन्ही रंग शेजारी ठेवून बघायचं काम शेवटी करा, आणि तेही दोन्ही वापरायचे असतील तरच.

एका रंगाच्या दोन फळ्या कोपऱ्यात काटकोनात उभ्या करा. कोपऱ्यात दोन बाजू एकमेकींवर रंग फेकतात. पूर्ण खोली रंगवल्यावर रंग किती चढणार आहे, ते भिंत न रंगवता कळण्याचा हा सगळ्यात जवळचा मार्ग आहे.

वेळा चार ठेवा: सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ५, रात्री दिवे लावून. उन्हाळ्यात बाहेरच्या ४२ अंशांच्या उन्हातून थेट आत येऊन मत देऊ नका. डोळे त्या प्रखर उजेडाला सरावलेले असतात आणि कोणताही रंग काळवंडलेला वाटतो. दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग बघा.

रात्रीची पाहणी सगळ्यात महत्त्वाची, कारण उन्हाळ्यात दिवसा पडदे ओढलेले असतात आणि घरची माणसं बैठकीत रात्रीच जास्त बसतात. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरे-निळसर एलईडी असतात. त्यांच्या उजेडात मलई फिकट आणि जराशी आजारी दिसते, मोरपंखी मात्र स्वच्छ दिसतो. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात मलई खुलते आणि मोरपंखी हिरवटाकडे झुकतो. रंग पसंत पण रात्री खटकतो, असं झालं तर आधी ४००० केल्विनचा एक दिवा आणून बघा. भिंत बदलण्यापेक्षा दिवा बदलणं स्वस्त. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जो दिवा चालतो, त्याच्या उजेडातही एकदा नजर टाका.

खालची फरशीही रंग फेकते. शहाबादी फरशी राखाडी-निळसर असते, ती भिंतीच्या खालच्या तीन फुटांना थंड करते. मलईच्या गुळगुळीत टाइल्स उजेड जोरात वर फेकतात आणि मलई भिंत आणखी पिवळी करतात. खिडकीसमोर कडुनिंब असेल तर खोलीत हिरवा उजेड येतो, शेजाऱ्याची पिवळी भिंत असेल तर पिवळा. हे शेड कार्डावर कुठेच नसतं.

फोटो काढून नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून निर्णय घेऊ नका. मोबाइल स्वतःच पांढऱ्याचा समतोल बदलतो आणि तीच भिंत दोन फोटोंत दोन रंगांची येते.

पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या खोलीत पिवळ्या-केशरी छटा संध्याकाळी पेटल्यासारख्या होतात. तिथे मलई घ्यायचीच तर पिवळेपणा कमी, राखाडीकडे झुकणारी घ्यावी. उत्तरेच्या खोलीत उजेड सम आणि निळसर असतो, तिथे पिवळसर मलईच छान. खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत फिकट रंग दिला की उजळेल असं सगळे धरून चालतात, पण परत फेकायला उजेडच नसेल तर फिकट रंग नुसता मळकट राखाडी दिसतो. अशा खोलीत मध्यम छटा आणि दोन चांगले दिवे जास्त काम करतात.

आणि एक गैरसमज: आतल्या भिंतीला थंड रंग दिल्याने खोली थंड होत नाही. डोळ्यांना तसं वाटतं, आणि त्याची किंमत आहेच. पण तापमान खाली आणायचं असेल तर स्लॅबच्या वर आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरून पांढरा रंग किंवा चुना द्या.

वापरात कोण टिकतं

रंग दिसायला दोन्ही आवडले, तर वापर निर्णय करू द्या. इथे मराठवाड्याचं हवापाणी थेट मध्ये येतं.

कूलर कोणत्या खिडकीत बसतो ते बघा. त्याच्या हवेबरोबर क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार येतात आणि वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. मलईवर ते दिसत नाहीत, मोरपंखीवर एका उन्हाळ्यात भिंत ठिपक्यांनी भरते. तसंच गडद भिंत बोअरच्या पाण्याने पुसली की पांढरे ओघळ उमटतात, ती गाळलेल्या गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी लागते. गडद मॅट भिंतीवर खुर्चीची पाठ घासली की पांढरट चकाकणारा पट्टा पडतो आणि तो पुसून जात नाही. वावटळीची धूळ आणि कोळ्याची जाळीही गडद भिंतीवर आधी दिसतात.

मलईचे शत्रू वेगळे: दिवाणाच्या मागे डोक्याच्या तेलाचे डाग, दिव्याच्या बटणाभोवती हातांचे काळे ठसे, दप्तरं आणि सायकल. दिवाणाच्या मागची भिंत मध्यम छटेची असेल तर तेल लवकर दिसत नाही.

खर्चातही फरक असतो. गडद रंग वेगळ्या बेसमध्ये (मशीनवर छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) तयार होतो, त्यात पांढरं रंगद्रव्य कमी आणि टिंट, म्हणजे मिसळायचं रंगद्रव्य, जास्त, म्हणून लिटरमागे तो महाग पडतो. शिवाय झाकण्याची ताकद कमी असल्यामुळे दोन हातांत खालचं दिसतं आणि तिसरा लागतो. गडद लाल, शेंदरी, झळझळीत पिवळा यांना कधी चौथाही. पांढऱ्याऐवजी खाली राखाडी किंवा त्याच रंगाच्या फिक्या छटेचा हात दिला तर एक हात वाचतो.

दोन्ही रंग फार भडक निघाले तर मातीकडे झुकणाऱ्या छटा बघा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि चुना वापरून विरुद्ध रंग शेजारी बसवले. त्यांचा लाल आणि हिरवा एकमेकांशी भांडत नाहीत, कारण दोन्हींत मातीचा मंदपणा आहे. शेड कार्डावर अशा छटा राखाडी आणि तपकिरीच्या पानांजवळ सापडतात.

दोन्ही रंग वापरायचे ठरले तर

अर्धा-अर्धा वाटा करू नका. पैठणीत अंग एका रंगाचं असतं आणि काठ-पदर दुसऱ्या, तसा एका रंगाला मोठा भाग द्या. आपल्या खोलीत तीन भिंती मलई आणि दक्षिणेची कोरी भिंत मोरपंखी. तिच्यावर दार-खिडकी नसल्यामुळे रंग तुटत नाही, थेट ऊन फारसं येत नाही, कूलरही नाही. अडचण एकच: उजेड तिच्यावर कडेने घासतो, म्हणून पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. या भिंतीला पुट्टीचे दोन हात, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणी, मग संध्याकाळी बॅटरी भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकून तपासणी. आणि फिनिश मॅटच.

रंगाचा हिशेब असा. मलई: २८७ चौरस फूट, दोन हात, म्हणजे ५७४, भागिले १३०, साडेचार लिटरच्या थोडं आत. चारचा एक डबा आणि एकचा एक. मोरपंखी: १०० चौरस फूट, तीन हात, म्हणजे ३००, सव्वादोन लिटरच्या थोडं वर. एकचे तीन घ्या. बेसच्या डब्यात टिंटसाठी जागा रिकामी ठेवलेली असते, त्यामुळे आतलं खरं माप छापील आकाराहून कमी असू शकतं, डब्यावर वाचा. एकाच रंगाचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच मशीनवरून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. नंतर आणलेल्या डब्याची छटा केसभर जरी वेगळी निघाली, तरी भिंतीच्या मधोमध पट्टा दिसतो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, बहुतेक इमल्शनला लिटरमागे ४०० ते ५०० मिली, आणि पिण्याचं. उन्हाळ्यात रंग पटकन ओढतो म्हणून पेंटर पाणी वाढवतात. त्याने रंगाची झाकण्याची ताकद जाते आणि तिसरा हात अटळ होतो. त्यापेक्षा सकाळी ७ ते ११ मध्ये काम उरका, हात चालू असताना पंखा बंद ठेवा, आणि भिंतीची ओली कड वाळण्याआधी पुढचा पट्टा जोडा. नाहीतर रोलरचे जोड उमटतात, गडद रंगावर जास्तच. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात उलटं होतं: चार तासांचा खंड सहा-आठ तासांचा करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या घाईत हाच खंड खाल्ला जातो आणि खालचा हात रोलरला चिकटून निघतो.

क्रम: आधी मलई, ती मोरपंखीच्या भिंतीवर एक-दोन इंच चढवून. २४ तास वाळू द्या. प्लास्टरचा कोपरा क्वचितच सरळ असतो, म्हणून ओळंबा सोडून पेन्सिलने रेघ मारा आणि मास्किंग टेप मलईच्या बाजूला लावा. टेपच्या कडेवर आधी मलईचाच पातळ हात फिरवा, टेपखालच्या फटी त्याने बंद होतात. तो वाळल्यावर मोरपंखी. शेवटचा हात जरा ओला असतानाच टेप तिरका ओढून काढा. रात्रभर ठेवला तर रंगाची साल टेपबरोबर येते आणि उन्हाळ्यात चिकटाही भिंतीला राहतो.

भिंत आठवडाभरात कोरडी वाटते, पण रंग पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पुसू नका, कपाट भिंतीला टेकवू नका. उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, वर शेड कोड, बेस, फिनिश, तारीख आणि कोणती भिंत ते लिहा. लहान डाग झाकायला तो ब्रशने नव्हे, त्याच रोलरने लावा.